नाड्या कोणाच्या हाती?



 आजच्या व्याख्यानाचा विषय मीच सुचवला होता. तो का सुचवला, ते आधी सांगतो.

संगणक, मोबाइल, इंटरनेट या क्षेत्रांतल्या बड्या कंपन्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर असा, की या कंपन्या आता सरकारांनाही जुमानत नाहीत, यांचं कुणीच काही वाकडं करू शकत नाही. दुसरा सूर असा, की चिंता कशाला करता? आयबीएमचे दिवस गेले, नोकियाचे गेले, तसे यांचेही जातील. बाजार प्रत्येकाला जागेवर आणतोच. आज मला या दोघांशीही वाद घालायचा आहे. पहिल्याशी थोडा, दुसऱ्याशी जास्त. कारण वर्चस्व हलतं हे इतिहासाला धरून आहे, पण ते आपोआप हलतं हे मात्र इतिहासाला धरून नाही. दर वेळी कुणीतरी दार उघडं ठेवलेलं असतं. कधी न्यायालयाने, कधी एखाद्या करारातल्या कलमाने, कधी सर्वांसाठी खुल्या असलेल्या मानकाने.

मग पाहायचं काय? कंपनी किती मोठी आहे, हे पाहू नका. तिच्याकडे पैसा किती, माणसं किती, हेही पाहू नका. पाहायचं ते एवढंच: बाकी सगळ्यांचं कोणावाचून अडतं, आणि त्याला पर्याय शोधायला किती वेळ लागेल? ज्याच्यावाचून अडतं, त्याच्या हातात नाड्या. हा एकच प्रश्न आपण आज चार-पाच ठिकाणी विचारणार आहोत.

सुरुवात आयबीएमपासून करू, आणि तिथे जरा जास्त वेळ थांबू. पुढे जे जे घडलं त्याची सगळी बीजं तिथेच सापडतात.

१९८० साली मोठा संगणक म्हणजे आयबीएम. यंत्र त्यांचं, त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या त्यांच्या, दुरुस्तीला येणारा इंजिनिअरही त्यांचाच. भारतातून ही कंपनी १९७८ मध्ये निघून गेली होती, कारण परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय भागीदारी वाढवण्याची अट तिला मान्य नव्हती. जगभर मात्र तिचा दरारा कायम होता. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला, आणि तो जानेवारी १९८२ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, रेंगाळला. शेवटी सरकारने तो मागे घेतला. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, खटला फुकट गेला. खरंच फुकट गेला का?

१९६९ च्या जूनमध्येच आयबीएमने जाहीर केलं, की सॉफ्टवेअर आणि सेवा यापुढे यंत्रापासून वेगळ्या, वेगळ्या किमतीला मिळतील. त्यामागे कारणं एकाहून अधिक होती, पण खटल्याचं सावट त्यांत होतंच. तोवर सॉफ्टवेअर यंत्राबरोबर 'फुकट' मिळायचं. जे फुकट मिळतं त्याचा धंदा दुसरा कोण करणार? ते वेगळं झालं, त्याला किंमत लागली, तेव्हा जगभर सॉफ्टवेअरचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहायला जागा झाली. मुंबईतल्या टीसीएसने किंवा जुलै १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने पुढे ज्या जमिनीवर घरं बांधली, ती जमीन मोकळी होण्यात या निर्णयाचा वाटा आहे. या सभागृहातल्या कितीतरी घरांचे पगार त्याच जमिनीवरून येतात.

इन्फोसिसची स्थापना झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, १२ ऑगस्ट १९८१ रोजी, आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने तो साधारण वर्षभरात तयार केला. वर्षभरात कसा? तर जवळपास सगळे सुटे भाग बाहेरून घेऊन. प्रोसेसर इंटेलचा, ८०८८. ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. आणि मायक्रोसॉफ्टकडे तरी ती कुठे होती? सिॲटल परिसरातल्या एका छोट्या कंपनीतल्या टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने आधी परवान्यावर आणि जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलर देऊन पूर्ण हक्कांसह विकत घेतली.

आता करार पाहा. आयबीएमने ही प्रणाली वापरायला घेतली, पण तिची मालकी घेतली नाही. इतर कंपन्यांना ती विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. एवढ्या मुरलेल्या कंपनीने हे कलम का मान्य केलं? मला वाटतं, दोन कारणांनी. एक तर आयबीएमच्या लेखी मोल यंत्राला होतं. प्रणाली म्हणजे किरकोळ सुटा भाग. आणि दुसरं, मक्तेदारीचा खटला तेव्हा चालूच होता, त्यामुळे सगळंच आपल्या मुठीत ठेवण्याची हौस कंपनीला उरली नव्हती. ग्राहकाला खरं तर निवड होती. डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ ही प्रणालीही या यंत्रावर मिळत होती. फरक एवढाच, की डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एमची २४०. लोकांनी काय घेतलं असेल, ते सांगायला नको.

मग आयबीएमच्या हातात उरलं काय? यंत्रातली एक चिप. बायोस. यंत्र सुरू होताच जागी होणारी, कीबोर्ड-पडदा-डिस्क यांची डॉसशी गाठ घालून देणारी छोटीशी आज्ञावली. तीच तेवढी आयबीएमची स्वतःची होती, आणि तिच्यावर कॉपीराइट होता. तिचा पूर्ण मजकूर कंपनीने तांत्रिक पुस्तिकेत छापलाही होता. म्हणजे वाचायला खुली, उतरवून घ्यायला बंद.

१९८२ मध्ये ह्यूस्टनला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडलेल्या तिघांनी कॉम्पॅक नावाची कंपनी काढली. त्यांनी काय केलं ते नीट ऐका, कारण कायद्याची मर्यादा पाळून मक्तेदारी कशी फोडता येते याचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही. त्यांनी माणसांचे दोन गट केले. एका गटाने आयबीएमचं बायोस अभ्यासलं आणि लिहून काढलं, की ते काय काम करतं. अमुक मागणी आली तर अमुक उत्तर देतं. दुसऱ्या गटात ज्यांनी आयबीएमची ती पानं कधीच पाहिली नव्हती अशी माणसं. त्यांनी फक्त वर्णन वाचायचं आणि तसं वागणारं बायोस स्वतः लिहायचं. एक ओळही उचललेली नाही. कॉपीराइट लिखाणावर असतो, कामावर नसतो. कायद्यातला हा फरक जर नसता तर? तर पुढचं काहीच झालं नसतं.

कॉम्पॅकने १९८३ मध्ये, विक्रीच्या पहिल्याच वर्षी, ११ कोटी डॉलरहून जास्त विक्री केली. १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने असंच स्वच्छ हातांनी लिहिलेलं बायोस कुणालाही परवान्यावर द्यायला सुरुवात केली, आणि मग यंत्रं करणाऱ्यांची रीघ लागली. नवं यंत्र आयबीएमसारखं आहे की नाही हे ठरवायला लोक त्यावर दोन गोष्टी चालवून पाहायचे: लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर. हिशेबाचं पान उघडलं आणि विमान उडालं, की यंत्र पास! आयबीएमचा शिक्का कुणी विचारेना.

आता आपला प्रश्न विचारू. कोणावाचून अडत होतं? यंत्र कुणाकडूनही घ्या, आत इंटेल आणि वर डॉस. यंत्रं करणारे शंभर झाले, एकमेकांशी भांडून किंमत खाली आणू लागले. किंमत उतरली म्हणून यंत्रं वाढली, यंत्रं वाढली म्हणून डॉससाठी लिहिणारे वाढले, आणि लिहिणारे वाढले म्हणून डॉसवाचून कुणाचंच चालेना. शेजारची गोष्ट स्वस्त आणि मुबलक झाली, की जी एकच आहे तिचा भाव वाढतो. नाड्या सरकल्या त्या अशा, फारसा आवाज न होता.

आयबीएमला हे कळलं नाही असं नाही. कळलं, पण उपाय चुकला. एप्रिल १९८७ मध्ये तिने पीएस/२ ही नवी मालिका काढली. आतली जोडणी नवी, पेटंटांनी बांधलेली. जुनी कार्डं त्यात बसत नव्हती, आणि इतरांना तशी यंत्रं करायची तर घसघशीत परवाना-शुल्क. दहा वर्षांपूर्वी असं केलं असतं तर सगळे मुकाट्याने मागे गेले असते. पण आता? १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःचं मानक जाहीर केलं. नाड्या हातातून गेल्यावर त्या ओढायला जाणं, हे फार महागात पडतं. १९९२ मध्ये आयबीएमला जवळपास ५०० कोटी डॉलरचा तोटा झाला, आणि डिसेंबर २००४ मध्ये तिने आपला पीसीचा धंदाच लेनोव्होला विकायचं ठरवलं.

आता नाड्या मायक्रोसॉफ्टकडे. ही कंपनी आयबीएमपेक्षा हुशार निघाली, कारण तिने करारांचं महत्त्व स्वतःच्या उत्कर्षातून शिकलं होतं. यंत्रं करणाऱ्यांशी तिचा करार काय असायचा? तुम्ही जितकी यंत्रं विकाल तितक्यांचे पैसे द्या, मग त्या यंत्रावर आमची प्रणाली असो वा नसो. म्हणजे दुसऱ्याची प्रणाली घातली तर दुहेरी भुर्दंड. कोण घालेल? १९९४ मध्ये न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यात ही पद्धत बंद करावी लागली, पण तोवर बरीच वर्षं उलटून गेली होती.

आणि मग आलं ब्राउझरचं युद्ध. इलिनॉय विद्यापीठात मोझॅक हा ब्राउझर घडवणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन यांनी नेटस्केप उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये तिचा नॅव्हिगेटर बाजारात आला. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी मे १९९५ मध्ये कंपनीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना जे टिपण पाठवलं ते पुढे कंपनीवर झालेल्या खटल्यामुळे जगजाहीर झालं. त्यांची भीती अचूक होती. लोक सगळी कामं ब्राउझरमध्येच करू लागले, तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याने काय फरक पडतो? जी गत आयबीएमच्या यंत्राची झाली तीच विंडोजची होईल.

१९९६ मधला एक प्रसंग त्याच खटल्याच्या निकालपत्रात नोंदला आहे. कॉम्पॅकने आपल्या काही यंत्रांच्या पडद्यावरून इंटरनेट एक्सप्लोररचं चिन्ह काढून टाकलं. मायक्रोसॉफ्टने कळवलं, की असं असेल तर तुमचा विंडोजचा परवाना रद्द करू. कॉम्पॅकने चिन्ह परत बसवलं. श्रोतेहो, हीच ती कॉम्पॅक! आयबीएमला जिने पाणी पाजलं तिला बोटाएवढं एक चित्र स्वतःच्या यंत्रावरून काढता येईना. कारण आयबीएमशी लढताना तिला पर्याय घडवता आला होता. विंडोजला पर्याय घडवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. कंपनी तीच होती. जागा बदलली होती.

मे १९९८ मध्ये सरकारने खटला भरला. जून २००० मध्ये न्यायमूर्ती थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. वर्षभराने अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदा वर्तन केल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. नेटस्केप तोवर संपली होती. म्हणजे हाही खटला फुकट गेला? माझं उत्तर पुन्हा नाही असंच आहे. २००२ च्या सुमारास दहातले नऊहून जास्त लोक इंटरनेट एक्सप्लोररच वापरत होते. त्या खिडकीतून गूगल नावाची कोवळी कंपनी दिसेनाशी करणं मायक्रोसॉफ्टला तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नव्हतं. तिने ते केलं नाही, कारण तिच्या प्रत्येक हालचालीवर न्यायालयाची नजर होती. हे माझं मत आहे. वेगळं मत असणारे अभ्यासक आहेत. पण गूगलला स्वतःला ही भीती होती, हे तर उघड आहे. २००६ मध्ये गूगलने अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, की नव्या एक्सप्लोररमधली शोधाची चौकट आपोआप मायक्रोसॉफ्टच्याच शोधसेवेकडे जाते.

ही तक्रार लक्षात ठेवा. आपोआप निवडलेला पर्याय हेच खरं हत्यार आहे, हे गूगलने २००६ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नेमका हाच आरोप गूगलवर ठेवून खटला भरला. त्या खटल्यात बाहेर आलेला आकडा असा, की ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगलच शोधसेवा राहावी म्हणून गूगलने एकट्या २०२२ या वर्षात ॲपलला २,००० कोटी डॉलर दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती अमित मेहता यांनी गूगलला मक्तेदार ठरवलं.

एवढे पैसे ॲपललाच का? कारण मधल्या काळात नाड्या पुन्हा सरकल्या होत्या. २००७ मध्ये आयफोन आला, जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर. ग्राहकाच्या खिशातला पडदा ज्याच्या ताब्यात, त्याला दारावर टोल घेता येतो. नोकियाचा ऱ्हास सर्वांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. सांगायचं ते मायक्रोसॉफ्टबद्दल. तिने नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला आणि २०१५ मध्ये ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. फोन चांगले होते. पण ॲप लिहिणारे आले नाहीत, कारण ग्राहक नव्हते, आणि ग्राहक आले नाहीत, कारण ॲप नव्हती. ज्या चक्राने डॉसला राजा केलं, तेच चक्र तीस वर्षांनी तिच्याच अंगावर उलटलं. गूगलने अँड्रॉइड फुकट दिलं, पण प्ले स्टोअर हवं असेल तर आमची बाकीची ॲपही ठेवा, अशा अटींसह. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच अटींवरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि पुढच्या जानेवारीत गूगलला भारतातल्या अटी सैल कराव्या लागल्या.

इथवर सगळं अमेरिकेत घडलेलं ऐकलंत. आता आपल्या मराठीकडे येतो, कारण हे सगळं आपण आपल्या अक्षरांच्या बाबतीत भोगलेलं आहे.

१९९० च्या दशकात मराठी मजकूर संगणकावर यायचा तो फॉन्टच्या जोरावर. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, पुण्याचंच श्री-लिपी, शिवाजी आणि इतर कितीतरी. त्यांनी मराठी छपाईला संगणकयुगात आणलं, हे ऋण मोठं आहे. पण प्रत्येकाची आतली सांकेतिक जुळणी वेगळी. एका डीटीपी ऑपरेटरने कादंबरीची साडेतीनशे पानं जुळवली, फ्लॉपी दुसऱ्या छापखान्यात गेली, आणि पडद्यावर काय उमटलं? इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, कंस, डॉलरची खूण यांचा नुसता खच. मजकूर लेखकाचा, पुस्तक प्रकाशकाचं, पण ते वाचायची किल्ली फॉन्टवाल्याकडे. कितीतरी दिवाळी अंकांचे जुने मजकूर आजही अशा बंद फायलींत पडून आहेत.

किल्ली सार्वजनिक करणारी मानकं तेव्हाही होती. अक्षरांच्या सांकेतिक जुळणीचं भारतीय मानक १९९१ मध्ये आलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ मधलीच, आणि तिच्यात देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. मग मराठी छपाई तेव्हाच युनिकोडवर का गेली नाही? कारण आपले छापखाने चालत होते पेजमेकरवर, आणि पेजमेकरला देवनागरी युनिकोड पेलत नव्हतं. मानक कागदावर खुलं, पण रोजचं काम ज्या साधनात होतं ते बंद. म्हणून पुढे बरीच वर्षं लेखक युनिकोडमध्ये लिहीत होता आणि ऑपरेटर कन्व्हर्टर लावून ते जुन्या फॉन्टमध्ये नेत होता. जोडाक्षरं आणि रफार मोडायचे ते याच वाटेवर. खुलं मानक आलं म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये.

आणि आता शेवटचा मुद्दा, जो आज आपल्या खिशाशी निगडित आहे. यूपीआय.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयची घोषणा केली. यूपीआय चालवणारं राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, हीही मुंबईचीच संस्था. मला या रचनेचा अतिशय अभिमान आहे. कारण इथे आपण नाडीच सार्वजनिक केली. कोणत्याही बँकेचं खातं, कोणतंही ॲप, कोणताही क्यूआर कोड. दुकानदाराने एका कंपनीचा कोड लावला म्हणून दुसऱ्या ॲपवाल्याचे पैसे अडत नाहीत. अमेरिकेत तेरा-तेरा वर्षं खटले चालवून जे साधलं नाही, ते आपण पाया घालतानाच साधलं.

आणि तरीही? तरीही यूपीआयच्या दर पाच व्यवहारांपैकी सुमारे चार फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपवरून होतात. पहिल्यात वॉलमार्टची मोठी मालकी, दुसरं गूगलचं. कोणत्याही एका ॲपकडे तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत, असा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. अंमलाची मुदत दोनदा वाढवली. शेवटची वाढ ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची. आपण मधला रस्ता खुला केला, आणि नाड्या रस्त्याच्या दोन टोकांना सरकल्या. एका टोकाला ग्राहकाच्या फोनवरची सवय. दुसऱ्या टोकाला दुकान.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काउंटरकडे नीट पाहा. तिथे 'प्राप्त झाले' असं मराठीतून बोलणारी डबी असते. ती डबी भाड्याची असते, आणि आपल्याच कंपनीच्या कोडवर आलेले पैसे तेवढे पुकारते. गर्दीच्या वेळी दुकानदार फोन बघत नाही, तो कानाने धंदा करतो. म्हणून कोड बदलायचा तर डबी बदलावी लागते. शिवाय त्या कोडवरून वर्ष-दोन वर्षं किती उलाढाल झाली, याची नोंद त्या कंपनीकडे जमते आणि त्या नोंदीच्या आधारे ती दुकानदाराला कर्ज देऊ करते. क्यूआर कोड सर्वांसाठी खुला, हे खरं. पण कर्ज घेण्याच्या वेळी अडतं ते त्या नोंदीवाचून.

तीस टक्क्यांची मर्यादा पुन्हा पुढे ढकलली जाईल की काय, याची मला धास्ती आहे. एकाएकी ती लागू केली तर कोट्यवधी लोकांचे व्यवहार अडतील, ही अडचण मी मान्य करतो. म्हणून माझं म्हणणं असं, की केवळ टक्केवारी मोजत बसू नये. डबीने कुणाच्याही कोडवरचे पैसे पुकारले पाहिजेत, अशी तांत्रिक अट एनपीसीआय घालू शकते. दुकानदाराच्या उलाढालीची नोंद दुकानदाराच्या मालकीची धरून, त्याने सांगितलेल्या बँकेला किंवा पतसंस्थेला ती एका विनंतीवर मिळाली पाहिजे. संमतीने माहिती पोहोचवणारी अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था देशात २०२१ पासून आहेच. कॉम्पॅकला बायोस लिहायला वाट मिळाली ती काम आणि लिखाण यांत कायदा फरक करत होता म्हणून. इथे ती वाट आपल्याला आखून द्यावी लागेल. व्यापारी संघटना, सहकारी बँका आणि ग्राहक पंचायती यांनी ही मागणी लेखी स्वरूपात एनपीसीआय आणि रिझर्व्ह बँक या दोघांकडे द्यावी, आणि मुदत संपण्याची वाट न पाहता द्यावी. दोन्ही कार्यालयं मुंबईतच आहेत.